ऐपत नसेल तर मुंबईत राहू नका, म्हणजे नेमकं कुठं जायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. सगळ्यांना घर देणं हे काय सरकारचं काम आहे का, ज्याची ऐपत नाही त्यानं मुंबईत राहायचा हट्ट धरू नये, अशा अर्थाचं. पत्र चांगलं लिहिलेलं होतं, भाषा एकदम स्वच्छ, पण वाचता वाचता माझा चहा गार झाला. हे वाक्य मी आयुष्यात निदान पन्नास वेळा ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, एकदा तर सोयरिकीच्या बैठकीत ऐकलंय, आणि दरवेळी गप्प बसलो. आता रिटायर झालोय, वेळ आहे, म्हणून लिहितो. पत्र लांबलं तर कापा, पण मधनं कापू नका, शेवटाकडनं कापा.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. माझे वडील चंदगड तालुक्यातले, १९५८ साली मुंबईला आले आणि गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर, लागले. आले तेव्हा ते "घरात" राहिलेच नाहीत, ते गावाच्या खोलीत राहिले. आताच्या पोरांना हा प्रकार सांगावा लागतो. करी रोडला एका चाळीत आमच्या गावानं मिळून एक खोली घेतलेली होती, दहा बाय पंधराची असेल, आणि त्यात तीसेक माणसं राहायची. भिंतीला लागून ट्रंका एकावर एक, प्रत्येकाच्या ट्रंकेवर त्याचं नाव ऑइलपेंटनं, दोरीवर कपडे, आणि मधल्या जागेत वळकट्या. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन झोपणार. जेवण खानावळवाल्या मावशींकडं. महिन्याला वर्गणी, त्यातून भाडं जायचं, आणि उरलेल्यातून गावच्या देवळाला पत्रे आले, हे पण खरंय. मी लहानपणी वडिलांबरोबर तिथं जायचो तेव्हा मला वाटायचं ही फार मजेची जागा आहे, कारण कॅरमबोर्ड होता.

तर मुद्दा असा की मुंबईला माणसं पाहिजे होती. दोन-अडीच लाख माणसं गिरण्यांनाच पाहिजे होती, गोदीला वेगळी, रेल्वेला वेगळी. त्यांनी कुठं झोपायचं हा प्रश्न त्यांच्या गावानं सोडवला, खानावळवालीनं सोडवला, चाळमालकानं सोडवला, गिरणीमालकांनी थोडाफार. म्हणजे मालकाला कामगार मिळाला, शहराला कर मिळाला, आणि घराचा खर्च गावाच्या डोक्यावर. आणि आज कुणी म्हणतो ऐपत नाही तर येऊ नका! अहो, त्यांना बोलावलं कुणी होतं, मुंबईनंच ना?

बरं, सरकारनं कधीच काही केलं नाही असंही नाही, आणि हेच मला त्या वाचकांना सांगायचंय. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा ब्रिटिशांच्या लक्षात आलं की अंधाऱ्या कोंदट खोल्यांत दहा-दहा माणसं कोंबली तर रोग फक्त त्यांच्यापुरता राहत नाही, साहेबाच्या बंगल्यापर्यंत पण येतो. १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याच्या त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. मग १९२० ला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपल्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. पन्नास हजार खोल्या बांधायचा प्लॅन होता, झाल्या सोळा-साडेसोळा हजार. पण पैसा कुठून आणला ते बघा, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला. म्हणजे ज्या धंद्यामुळं माणसं आली त्या धंद्याकडनंच घराचे पैसे घेतले. परक्या सरकारला हे सुचलं, त्यात त्यांचा कामगारांवरचा जीव वगैरे नव्हता, संपाची आणि रोगराईची धास्ती होती, पण सुचलं.

आणि सुरुवातीला त्या चाळी रिकाम्या राहिल्या, हे पण सांगायला पाहिजे नाहीतर मी एकच बाजू सांगतोय असं होईल. भाडं जास्त ठेवलं होतं, वरळी तेव्हा लांब वाटायची, भिंती सिमेंटच्या आणि तोंडवळा तुरुंगासारखा. आणि खरोखर १९३० च्या चळवळीत वरळीच्या काही चाळी सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून वापरल्या. म्हणजे घर बांधलं म्हणजे घराचा प्रश्न सुटला असं नाही, ते कुठं बांधलं आणि कितीला दिलं यावर सगळं. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कळली होती. आपण अजून शिकतोय.

माझा मामा डिलाइल रोडच्या बीडीडीत राहायचा. १६० फुटाची खोली, मोरी घरात पण संडास बाहेर, सकाळी बादली घेऊन लाइन. त्या खोलीत मामा, मामी, चार पोरं, मामाचा एक भाऊ. गैरसोय होती हो, कौतुक करत नाही, चाळीच्या आठवणींचं कौतुक चाळ सोडून गेलेले जास्त करतात. पण भाडं महिन्याच्या पगारातून सहज निघायचं, आणि उद्या मालक ११ महिन्यांनी हाकलेल ही भीती नव्हती. त्या जोरावर पोरं शिकली, एक तर सीए झाला.

आता माझ्या मुलाचं सांगतो. तो एका कंपनीत आहे, हातात ४५ हजार येतात. सून एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, ती आता बाळंतपणामुळं घरी. आमचं डोंबिवलीला वन बीएचके आहे, कार्पेट ३७० फूट, त्यात आम्ही दोघं आणि माझी धाकटी मुलगी, म्हणून ते दोघं जवळच भाड्यानं राहतात. गेल्या पाच वर्षांत चौथं घर. दर ११ महिन्यांनी तोच सोहळा, घरमालक म्हणतो मुलाचं लग्न ठरलंय खाली करा, किंवा भाडं एकदम तीन हजार वाढवा, मग एजंट, एजंटला एक महिन्याचं भाडं, नवीन अ‍ॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचा मूव्ह-इन चार्ज (हा कशाचा चार्ज आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही), टेम्पो, पंखे उतरवा, गीझर उतरवा, गॅसचा पत्ता बदला, आधारवरचा पत्ता बदला. मागच्या वेळी शिफ्टिंगमध्ये देव्हाऱ्याची काच फुटली तर सून रडायला लागली, मी म्हटलं अगं काच पंचवीस रुपयाची आहे, तर म्हणाली बाबा काचेचं नाही हो.

मी म्हटलं विकत घेऊन टाक. गेलो एका साइटवर, नाव सांगत नाही. एसी ऑफिस, कॉफी, भिंतीवर टीव्ही, शो-फ्लॅटमध्ये बेड मुद्दाम लहान बनवलेला असतो म्हणजे खोली मोठी दिसते, ते मी मोजपट्टी नेली होती म्हणून पकडलं. वन बीएचके, ऑल इन्क्लुजिव्ह ५२ लाख. आता हिशोब करा. ४५ हजारातून जास्तीत जास्त २० हजार हप्ता, साडेआठ टक्क्यानं २० वर्षांचं कर्ज धरलं तर लाखाला ८७० च्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे २३ लाख कर्ज. राहिलेले २९ लाख कुठून आणायचे? त्यात सरकार स्टॅम्प ड्युटी घेणार सहा-सात टक्के, रजिस्ट्रेशन वेगळं. म्हणजे ज्याच्याकडं घर नाही त्याच्याकडनं सरकार घर घेताना तीन लाखाच्या वर घेणार, आणि वर आम्ही विचारायचं की घराची जबाबदारी कुणाची.

मग म्हाडा. म्हाडाचा फॉर्म हा आमच्याकडं सणासारखा असतो. २०२३ ला मुंबईत ४ हजार ८२ घरांची सोडत होती, अर्ज आले १ लाख २० हजारांच्या आसपास. एका घरामागं तीसेक जण. मुलाचं उत्पन्न वर्षाला सहा लाखाच्या आत म्हणून तो अत्यल्प गटात, आणि त्याच्या ऐपतीत बसणारी घरं मोजकी. त्याच सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं, ते एका आमदारांना लागलं आणि त्यांनाही झेपेना म्हणून त्यांनी परत केलं. हसावं की काय करावं. माझं सोडतीवर म्हणणं एकच आहे, लॉटरी ही दिवाळी बंपरची ठीक आहे. नळाच्या पाण्याची लॉटरी काढतो का आपण? रेशनची काढतो का?

आता हे असं का झालं, तर माझ्या समजुतीप्रमाणं सांगतो, कुणाला चूक वाटलं तर दुरुस्त करा. पूर्वी मुंबईत बहुतेक जण भाड्यानंच राहायचे आणि भाड्यानं राहण्यात कमीपणा नव्हता. खासगी मालक चाळी बांधायचे कारण भाड्यात पैसा होता. मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. तेव्हा ते बरोबरच होतं, युद्धानंतर आणि फाळणीनंतर गर्दी, लुबाडणूक चालली होती. पण तात्पुरता कायदा पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. मालकाला भाड्यातून चुना लावायचे पैसे सुटेनात, त्यानं दुरुस्ती सोडली, नवीन चाळ कुणी बांधेना, आणि पागडी सुरू झाली, म्हणजे खोलीच्या ताब्यासाठी भाड्याशिवाय एकरकमी पैसे. १९६९ ला सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती होत्या १९ हजार ६४२. त्यातल्या किती पावसाळ्यात पडल्या आणि किती माणसं गेली ते तुमच्याच पेपरात दर जुलैला येतं. १९९७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही, मग १९९९ चा नवा कायदा. पण तोपर्यंत भाड्याची घरं बांधणारा खासगी माणूस संपला होता.

ठीक आहे, खासगी संपला तर सरकारनं ती जागा घ्यायची. तर सरकारनं काय केलं, सरकार स्वतःच विकणारं झालं. म्हाडा विकते, सिडको विकते. सिडकोनं २०२४ च्या दसऱ्याला २६ हजार घरं जाहीर केली आणि किमती आल्यावर लोकांनी कपाळाला हात लावला. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली, कारण काय तर पाणी नाही. बीडीडीचं आठवा वर लिहिलेलं.

एक प्रयत्न झाला होता हं. २००८ ला एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणानं, भाड्याच्या घरांची योजना आणली, १६० फुटाच्या खोल्या, बिल्डरला ४ एफएसआय म्हणजे जागेच्या चौपट बांधकाम, त्यातल्या खोल्या एमएमआरडीएला द्यायच्या आणि तिनं त्या भाड्यानं द्यायच्या. मी तेव्हा घरात सांगितलेलं की बघा, हे खरं काम. काही वर्षांत गुंडाळली. म्हणे भाडं वसूल कोण करणार, मेंटेनन्स कोण बघणार, उद्या लोक खाली करणारच नाहीत. त्यातलीच पनवेलजवळ कोनची घरं दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना विकायला काढली. म्हणजे भाड्याच्या योजनेचं शेवटी विक्रीच झालं. लॉकडाउनमध्ये माणसं पायी गावाला निघाली, खोलीचं भाडं भरायला नाही म्हणून, तेव्हा २०२० ला केंद्रानं पण परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. आपल्याकडं त्यातल्या घरात कुणी राहत असेल तर मला पत्ता कळवा, मी बघायला येईन, खरंच येईन.

झोपडपट्टीचं बघा. १९९५ ला घोषणा झाली ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरं, म्हणजे ८ लाख घरं. आज तीस वर्षं झाली, निम्मी पण झालेली नाहीत. कारण काम दिलं बिल्डरला. बिल्डर वाईट असतो असं नाही माझं म्हणणं, त्याचा तो धंदा आहे, वांद्र्याला विक्रीचा फ्लॅट महाग जातो तर तिथली झोपडपट्टी तो धावत घेणार, मानखुर्दला नाही जात तर तिथं तो फिरकणार नाही. बाजार पडला की काम बंद, आणि झोपडी पाडल्यावर घर होईपर्यंत बिल्डरनं द्यायचं संक्रमण भाडं पण बंद. माझ्या मेव्हणीच्या योजनेत पहिली दोन वर्षं चेक आले आणि मग बिल्डर फोनच उचलेना, आता ती स्वतःच्या खिशातून भाडं भरते आणि तिची जुनी झोपडी तर पाडलेली. फुकट घर मिळणार म्हणून होतं तेही गेलं. आणि ते "फुकट" घर कुणीतरी भरतच असतं, शेजारच्या टॉवरमध्ये जो फ्लॅट घेतो त्याच्या किमतीत ते असतं, म्हणून त्याचा दर वाढतो, म्हणून माझ्या मुलासारखा बाहेर फेकला जातो. धारावीवर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल.

आणि जमीन नव्हती असं कुणी मला सांगू नका. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होतो. वडील वर्षभर थांबले, मग गावाला गेले ते पुन्हा कामाला आलेच नाहीत. त्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, शहराच्या बरोबर पोटात, दोन्ही बाजूला रेल्वे. १९९१ च्या नियमात होतं की एक तृतीयांश पालिकेला मोकळी जागा म्हणून, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ ला नियम असा बदलला की वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीचीच करायची, म्हणजे ज्या जागेवर शेड उभी होती ती वाटणीत धरायचीच नाही, आणि गिरणी म्हणजे तर सगळी शेडच. २००६ ला सुप्रीम कोर्टात पण तेच टिकलं. नुसते खासगी मालकच नाहीत, २५ गिरण्या केंद्र सरकारच्या एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) होत्या, म्हणजे आपल्याच, तर २००५ ला त्यातल्या काही लिलावात निघाल्या, एकट्या मुंबई टेक्स्टाइलची जागा ७०२ कोटींना गेली. म्हणजे सरकारनं स्वतःच बाजारात सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला जमीन विकायची आणि नंतर म्हणायचं, जागांचे भाव फार वाढलेत बुवा.

आमच्या वडिलांनी गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्म भरला होता. दीड लाखाच्या आसपास फॉर्म आले, पहिली सोडत २०१२ ला, ६ हजार ९२५ घरांची. वडील २०१४ ला गेले. आता वारस म्हणून माझं नाव आहे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत वांगणी आणि शेलूची घरं पुढं केलीत, त्यावर जुलै २०२५ ला आझाद मैदानात मोर्चा पण झाला, मी गेलो होतो, पाऊस होता, ऐंशीच्या घरातल्या बायका छत्री धरून बसलेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "परळात चाळीस वर्षं साचे चालवले, आता शेलूला जाऊन काय करू, मला तर स्टेशनचा जिना चढवत नाही." मी काही बोललो नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं. जमिनीचा वापर ठरवणं, एफएसआय किती द्यायचा, कुठलं आरक्षण उठवायचं, स्टॅम्प ड्युटी किती घ्यायची, पाणी आणि लोकल कुठपर्यंत न्यायची, हे सगळं ज्याच्या सहीनं होतं त्याचीच जबाबदारी. म्हणजे राज्य सरकार पहिलं, पालिका दुसरी. एवढे सगळे अधिकार तुमच्याकडं आणि जबाबदारी मात्र "बाजारावर" आणि माणसाच्या ऐपतीवर, हे चालणार नाही.

सही कुणाची आणि भोगतो कोण याचं ताजं उदाहरण आमच्याच डोंबिवलीचं. ६५ इमारती, खोट्या बांधकाम परवानग्या, त्याच खोट्या कागदांवर रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मिळाला. माणसानं आणखी काय बघायचं असतं? रेरा नंबर बघितला, बँकेनं कर्ज दिलं म्हणजे बँकेच्या वकिलानं कागद बघितले, सरकारनं स्टॅम्प ड्युटी घेऊन दस्त नोंदवला. नोव्हेंबर २०२४ ला हायकोर्टानं सांगितलं पाडा. कोर्टाचं चूक नाही, बेकायदा ते बेकायदा. पण पाडताना घर जातं फक्त घेणाऱ्याचं, बाकी ज्यांनी ज्यांनी शिक्का मारला त्यातल्या कुणाचं काय जातं? तिकडं नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डंपिंगसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोक वर्षानुवर्षं राहिले, आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलडोझर. चार मजली इमारत काय एका रात्रीत उगवते का, आरक्षित जागेवर ती उभी राहताना कुणालाच दिसली नाही? माणसं अशा घरात हौसेनं जात नाहीत. पंधरा-वीस लाखात दुसरीकडं काही मिळतच नाही म्हणून जातात.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. टाळणार होतो पण बायको म्हणाली लिहा ते पण. २०१० ला माझ्या पीएफमधनं मी टिटवाळ्याला एक वन आरके घेतला, इन्व्हेस्टमेंट म्हणून, तेव्हा सगळेच घेत होते. तो गेली अकरा वर्षं बंद आहे. मुलाला म्हटलं तिथं राहा, तर त्याचं ऑफिस अंधेरीला, तो म्हणाला बाबा रोजचे पाच तास प्रवासात जातील, आणि लोकलच्या दाराला लटकणारी माणसं कशी पडतात ते मुंब्र्याला आपण बघितलंय, त्यामुळं मी पुढं काही बोललो नाही. भाड्यानं का दिला नाही, तर भीती. आमच्या पिढीच्या डोक्यात पागडीच्या केसेस आहेत, भाडेकरू घुसला की निघत नाही, आमच्या चाळमालकाला आम्हीच किती रडवलं ते मला ठाऊक आहे. खरं तर आता लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे त्या ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला, तशी भीती नाही, मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, १९९९ च्या कायद्यातच आहे ते. पण भीती कायदा वाचून जात नाही.

२०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत अशी रिकामी घरं ४ लाख ८० हजारांच्या आसपास निघाली. त्याच सुमाराला केंद्राच्या समितीनं देशाच्या शहरांत पावणेदोन कोटींच्या वर घरांची टंचाई सांगितली, आणि त्यातली ९५ टक्के अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटातली. आणि दुसरीकडं अशी कुलूपं. माझं पण एक त्यात. शिवाय ज्या सोसायट्या आहेत त्या, एकटा मुलगा नको, एकटी मुलगी नको, मांसाहारी नको, मुसलमान नको, आडनाव विचारून मग फ्लॅट दाखवणार, हे सरकारनं नाही केलेलं, हे आपण मीटिंगमध्ये हात वर करून केलंय. आमच्या सोसायटीत पण ठराव झाला होता आणि मी सेक्रेटरी होतो. झालं ते झालं, लिहून टाकलं.

पण यावरून कुणी म्हणेल की बघा लोकांचीच चूक, तर तसं नाही. मी एक कुलूप उघडलं तर एक घर मिळेल, अंधेरीजवळ घर नाही ते नाहीच. ते फक्त जमीन ज्याच्या हातात आहे तोच करू शकतो. सिंगापूरचं उदाहरण सगळे पुढारी देतात, तिथं ८० टक्क्यांच्या आसपास लोक सरकारी मंडळानं बांधलेल्या घरात राहतात, पण त्यासाठी तिथल्या सरकारनं आधी जमीन स्वतःकडं घेतली, हे भाषणात येत नाही. बीडीडीचा पुनर्विकास म्हाडानं स्वतः हातात घेतला, कंत्राटदार नेमला पण लगाम स्वतःकडं ठेवला, भूमिपूजन २०१७ ला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० फुटांची घरं. आठ वर्षं लागली, पण झालं ना? म्हणजे जमतं. फक्त ते तिथं आधीच राहणाऱ्यांसाठी झालं. नव्यानं येणाऱ्यासाठी, लग्न करणाऱ्यासाठी, नर्ससाठी, डिलिव्हरीवाल्या पोरासाठी, मॉलमधल्या सिक्युरिटीवाल्यासाठी त्यात भाड्याच्या खोल्यांचा एक मजला पण नाही.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मे २०२५ ला आलंय, २०३० पर्यंत ३५ लाख घरं म्हणतात. चांगलंय. मला त्यात एवढंच विचारायचंय की त्यातली भाड्याची किती, कुठल्या वॉर्डात, आणि भाडं किती? फुकट नको. विकू पण नका. महिना सहा-सात हजार भाड्याची, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, तीन किंवा पाच वर्षांच्या कराराची खोली. आणि पैसे कुठून म्हणाल तर मेट्रोसाठी एप्रिल २०२२ पासून मुंबईत स्टॅम्प ड्युटीवर १ टक्का जास्त घेताच ना, मग ज्या ऑफिस टॉवरला, मॉलला, डेटा सेंटरला वाढीव एफएसआय देता त्यांच्याकडनं भाड्याच्या घरांसाठी घ्या. कापसाच्या गाठीवर घेतला होता तसा. भाडं वसूल कोण करणार हे रडगाणं नको, वीजबिल होतं की वसूल.

त्या वाचकांना एक विनंती, त्यांच्या पत्राखाली दादर (प.) असं होतं. त्यांचं घर स्वतःचं असेल तर ते कुठल्या साली, कितीला आणि कुणाच्या जमिनीवर घेतलं ते पुढच्या पत्रात कळवावं. टोमणा नाही, माझं डोंबिवलीचं घर पण करी रोडच्या पागडीच्या पैशावरच आहे, माझ्या पगारावर कधीच झालं नसतं.

टिटवाळ्याच्या खोलीचं म्हणाल तर येत्या रविवारी जाऊन कुलूप उघडतो, नळ गंजला असेल, पाणी आठवड्यातून किती दिवस येतं ते शेजाऱ्यांना विचारतो, एक हात रंग मारून घेतो. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय, तेवढंच घेईन. कुणी गरजू असेल तर कळवा. आडनाव विचारणार नाही.

आपला एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)